सत्तेचाळिसावा खाना

अनसूयाबाई धर्माधिकारींनी धाराशिवच्या कोर्टात बत्तीस वर्षं टायपिंग केलं, आणि त्यातली निदान तीस वर्षं तरी बोटांकडं न बघता केलं. साक्षीदार बोलायचा, साहेब सांगायचे आणि बाईंच्या हाताखाली कागद भरत जायचा. निवृत्तीनंतर त्या घरी स्वस्थ बसतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. दोन महिन्यांतच त्यांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सकाळची बॅच घ्यायला सुरुवात केली. सरकारी परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींच्या मागं उभ्या राहून त्या नुसता आवाज ऐकायच्या, आणि आवाजावरूनच कुणाचं बोट चुकलं ते सांगायच्या.

डिसेंबरातल्या एका सोमवारी बॅच सुटत असतानाच गायत्री स्वामी दारात येऊन उभी राहिली. दीड वर्षापूर्वी ती याच बॅचमध्ये शिकली होती. आता सास्तूरच्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. तिच्यासोबत एक उंच, पासष्टीचे गृहस्थ होते. पांढरा शर्ट खोचलेला, बुटांना पॉलिश, पाठ सरळ. काखेत कापडी पिशवी.

"मॅडम, हे शरणप्पा मास्तर," गायत्री म्हणाली. "राखीव पोलिसांच्या बँडमध्ये तीस वर्षं होते. आता गावी आलेत आणि आमच्या मुलींचा बँड बसवतायत."

मास्तरांनी नमस्कार केला आणि पिशवीतून एक जाड वही काढली. वहीत पाच-पाच रेघांच्या ओळी आखलेल्या होत्या आणि त्यांवर काळ्या शाईचे ठिपके, शेपट्या, कमानी. कुठंही खाडाखोड नव्हती. अनसूयाबाईंना अक्षर बघताक्षणी आवडलं. लिहिणाऱ्याचा हात थरथरलेला नव्हता.

गायत्रीनं भराभर काम सांगितलं. लातूरला बँडची विभागीय स्पर्धा होती. स्वतःची रचना वाजवायची असेल तर तिचं नोटेशन छापून पाठवायचं, आणि तेही शनिवारपर्यंत. हातानं लिहिलेलं चालणार नव्हतं. मास्तरांची रचना होती, 'बालाघाट कूच'. सगळ्या वाद्यांची मिळून अकरा पानं. गायत्रीनं लॅपटॉपवर नोटेशनचं सॉफ्टवेअर घातलं होतं आणि चार दिवस खपून सव्वा पान केलं होतं.

"माउसनं एकेक ठिपका उचलायचा आणि रेघेवर नेऊन सोडायचा," ती म्हणाली. "हात जरा हलला की तो वरच्या रेघेवर जाऊन बसतो. शनिवारपर्यंत काही होत नाही माझ्याच्यानं. मग तुमची आठवण झाली."

"मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही गं."

"मॅडम, कोर्टातलं तरी पहिल्या दिवशी कुठं कळत होतं?"

अनसूयाबाईंनी तिच्याकडं रोखून बघितलं. मग म्हणाल्या, "घरी चला. इथं दुपारच्या बॅचला जागा लागते."

घरी त्यांचे यजमान राघवेंद्रराव पेपर वाचत बसले होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून आल्यागेल्याचा चहा त्यांच्याकडं होता. ते आपणहून उठले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला गेला. गायत्रीनं सवयीनं माउस लावला. बाईंनी तो काढून तिच्या हातात दिला.

"याच्याशिवाय चालतं का हे?"

"चालतं म्हणतात. कळांची यादी आहे, छापून आणलीय. पण लई मोठी आहे."

बाईंनी यादी पेन्सिल घेऊन दोनदा वाचली. एन दाबला की लिहायची तयारी. मग ए पासून जी पर्यंत, स्वराचं जे नाव तीच कळ. आकडा दाबला की स्वराची लांबी: चारला अर्धी मात्रा, पाचला एक, सहाला दोन. बिंदू दाबला की दीडपट. शून्य म्हणजे विश्रांती. स्वर वरच्या सप्तकात न्यायचा तर कंट्रोल आणि वरचा बाण.

त्या जरा थांबल्या आणि डावा हात कळांवर ठेवून बघितला. ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. सातही अक्षरं डाव्या हाताखाली येत होती. उजवीकडं आकड्यांचा चौकोन होता, आणि तिथं बोटं सहज विसावतात त्या मधल्या ओळीतच चार, पाच, सहा. सगळ्यात जास्त लागणाऱ्या तीन लांब्या.

"ज्यानं कुणी हे बसवलंय," त्या म्हणाल्या, "त्याला टायपिंग येत असणार. मास्तर, तुम्ही सांगा. मी मारते."

"सांगू म्हंजे?"

"साहेब सांगायचे तसं. स्वराचं नाव आणि त्याची लांबी. एका दमात चार-पाच सांगा, मग थांबा."

मास्तरांनी गायत्रीकडं बघितलं. गायत्रीनं मान हलवली. त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्या क्लॅरिनेटची ओळ सांगायला सुरुवात केली. "जी क्रॉचेट. सी क्वेव्हर, सी क्वेव्हर. जी मिनिम."

पहिली पंधरा मिनिटं अडखळत गेली. क्रॉचेट म्हणजे एक मात्रा, क्वेव्हर म्हणजे अर्धी, मिनिम म्हणजे दोन, हे बाईंनी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. सप्तक चुकायचं. मशीन जवळचा स्वर घ्यायचं आणि मास्तरांना हवा असायचा लांबचा. मग बाईंनी नियम घातला की उडी असली तर आधी 'वरचा' किंवा 'खालचा' म्हणायचं. पानाच्या शेवटी त्यांना कागदाकडं बघावं लागेना. चहाचे कप येऊन निवून गेले. मास्तर डोळे मिटून सांगत होते आणि टेबलावर एक बोट ठोकत होते, आणि बाईंच्या कळांचा आवाज त्या बोटाला धरून येत होता.

दुपारी मास्तरांच्या गाडीची वेळ झाली तोवर पहिली क्लॅरिनेट चाळिसाव्या खान्यापर्यंत आली होती. मास्तर त्याला 'बार' म्हणायचे, पण आतून राघवेंद्ररावांनी "कुठला बार?" असं विचारल्यापासून अनसूयाबाईंनी 'खाना' शब्द पक्का केला. दोन उभ्या रेघांच्या मधली जागा, तिच्यात दोन मात्रा. साधा हिशोब होता.

"मॅडम," जाताना मास्तर म्हणाले, "आमच्या बँडात नकल करणारा एक हवालदार व्हता. त्याला दोन पानाला एक दिवस लागायचा."

बाईंना ते बरं वाटलं. त्यांनी तसं दाखवलं नाही.

मंगळवारी मास्तर एकटेच आले. गायत्रीला शाळा होती. काम पुन्हा सुरू झालं, आणि सातव्या मिनिटाला बाईंची बोटं थांबली.

"मास्तर, इथं मावत नाही."

"काय मावत न्हाय?"

"हा सत्तेचाळिसावा खाना. जागा दोन मात्रांची. तुम्ही सांगितलेला स्वर तीन मात्रांचा. मशीननं दोन इथं ठेवल्या आणि एक पुढच्या खान्यात ढकलली. आता पुढचं सगळं एकेक मात्रेनं सरकतंय."

मास्तरांनी चष्मा लावून पडद्याकडं बघितलं. लांब सुराचे दोन तुकडे झाले होते आणि मधे त्यांना जोडणारी कमान आली होती.

"डॉटेड मिनिम हाय. तीन मात्रा. म्या लिहिलंय तेच सांगितलं."

"आणि मी तेच मारलं. वहीत पण एकाच खान्यात तीन आहेत. बघा."

"बघायचं काय त्यात? हे कूच म्या चौऱ्याण्णव साली लिहिलंय. पंचवीस वर्षं वाजवलंय. मोठमोठ्या सायबांपुढं वाजवलं, कुणी बोट ठेवलं न्हाय." त्यांचा आवाज चढला नाही, पण पाठ आणखी सरळ झाली. "मशिनीला काय कळतंय मॅडम? आणि तुम्ही तर म्हणला, गाणं येत न्हाय."

"नाही येत. मोजता येतं."

मास्तरांनी वही जवळ ओढली. मग त्यांनी उरलेली ओळ सांगितली, पण आता डोळे उघडे ठेवून, आणि बोट न ठोकता. अकरा वाजता ते उठले. "वही ठिवून जातो. तुम्हाला आता वाचता येतंय. जसं हाय तसं मारा." आणि सास्तूरची गाडी गाठायला निघून गेले.

"रागावले का?" राघवेंद्ररावांनी विचारलं.

"रागावू देत. मी काही चुकीचं बोलले नाही."

त्यांनी मनात पुन्हा एकदा तपासून बघितलं, खरंच आपण चुकीचं बोललो नाही ना. कोर्टात त्यांची एक शिस्त होती. साक्षीदारानं एकाच बैठकीत दोन वेगळ्या तारखा सांगितल्या तरी टायपिस्टनं दोन्ही टाइप करायच्या. दुरुस्त करायचं नाही. पण विचारायचं जरूर, की साहेब, वर पाच तारीख आहे आणि इथं सात, असंच ठेवू ना? बत्तीस वर्षांत त्यांनी असं विचारलं म्हणून एकाही साहेबांनी वाईट वाटून घेतलं नव्हतं. मास्तर साहेब नव्हते, ते स्वतः लिहिणारे होते. तिथं जरा फरक पडत असावा.

बुधवारी त्यांनी एकटीनं सगळं आटोपलं. दुसरी क्लॅरिनेट, मग फुंकायची पितळी वाद्यं, दोन कॉर्नेट आणि युफोनियम. प्रत्येक वाद्याच्या पानावर सत्तेचाळिसाव्या खान्यात तोच तीन मात्रांचा सूर होता, तोच ठळक बिंदू. म्हणजे नजरचूक नव्हती, हे मास्तरांनी जाणूनबुजून लिहिलं होतं. बाईंनी तसंच मारलं. प्रत्येक ओळ तिथून पुढं एकेका मात्रेनं सरकली आणि शेवटचा सूर वहीतल्या शहाण्णव खान्यांच्या बाहेर, सत्त्याण्णवाव्यात जाऊन पडला.

राहता राहिला ढोल. त्याची ओळ सोपी होती, पाऊल टाकल्यासारखी. एक, दोन, एक, दोन. सत्तेचाळिसाव्या खान्यात बिंदू नव्हता. सरळ दोन ठोके. आणि ढोल शहाण्णवाव्या खान्यात नीट संपला.

बाई पडद्याकडं बघत राहिल्या. सगळी वाद्यं एका मात्रेनं लांब आणि ढोल तेवढा आखूड. इतके दिवस त्यांनी लॅपटॉपचा आवाज बंदच ठेवला होता. टाइप करताना मधे मधे सूर वाजला की त्यांचा हात बिचकायचा. आता त्यांनी आवाज सुरू केला, सुरुवातीला गेल्या आणि स्पेसबार दाबला.

आपण टाइप केलेलं असं वाजतं, याचंच त्यांना आधी नवल वाटलं. राघवेंद्रराव दारात येऊन उभे राहिले. शेहेचाळीस खाने छान गेले. मग तो लांब सूर आला, आणि त्याच्या पाठोपाठ ढोल कुठल्या कुठं निघून गेला. क्लॅरिनेटची 'एक' यायची तिथं ढोलाचे 'दोन' येत होते. शेवटपर्यंत ती दोघं एकमेकांना सापडली नाहीत.

त्यांनी गायत्रीला फोन लावला. "सराव कसा चाललाय?"

"बरा आहे मॅडम. एका जागी तेवढा विस्कटतो. आमची अयोध्या म्हणून मुलगी आहे नववीतली, मोठा ढोल वाजवते. ती घाई करते. मग ढोलामागं चालणाऱ्यांचे पाय वेगळे आणि क्लॅरिनेटवाल्यांचे वेगळे. मास्तर रोज सांगतात तिला."

"कुठल्या जागी?"

"मधे एक लांब सूर आहे बघा. त्याच्या पुढं."

"उद्या मी सास्तूरला येते," अनसूयाबाई म्हणाल्या. "शाळेत स्पीकर आहे ना?"

गुरुवारी त्या पहिल्या गाडीनं निघाल्या. लोहाऱ्याला गाडी बदलली. मांडीवर लॅपटॉपची बॅग होती. खिडकीबाहेर ज्वारी कमरेला आली होती, मधे मधे हरभऱ्याचे पट्टे. आपण कुणालातरी खोटं पाडायला निघालोय का, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण त्या पोरीला रोज बोलणी बसतायत, हा विचार जास्त टोचत होता.

स्टँडवर गायत्री स्कूटी घेऊन उभी होती. शाळेच्या मैदानावर अठरा मुली रांगा धरून उभ्या होत्या. पुढं ढोल, मागं क्लॅरिनेट आणि कॉर्नेट, शेवटी युफोनियम. वाद्यं जुनी होती पण चकचकीत घासलेली. मास्तरांनी बाईंना बघितलं, नमस्कार केला आणि पुन्हा मुलींकडं वळले.

"आधी मला एकदा बघू द्या," बाई म्हणाल्या.

कूच सुरू झालं. मुली डाव्या पायावर निघाल्या. मोठ्या ढोलामागं अयोध्या अर्धी झाकली गेली होती, पण तिचा हात घड्याळासारखा चालत होता. मैदानाच्या मध्यावर लांब सूर आला. अनसूयाबाईंनी बघितलं, सूर अजून लांबतच होता आणि अयोध्याचा ढोल पुढं गेला होता. पुढच्या दोन रांगा डाव्या पायावर, मागच्या तीन उजव्या. कुणीतरी पाय बदलायला गेली आणि तिच्यावर मागची आदळली.

"थांबा," मास्तर म्हणाले. "अयोध्या, घाई करू नको म्हणून कितींदा सांगायचं?"

"नाही करत मास्तर," अयोध्या हळूच म्हणाली. ते ती रोज म्हणत असणार, असं तिच्या आवाजावरून वाटलं.

अनसूयाबाई पुढं झाल्या. "मास्तर, तुम्ही म्हणालात, जसं आहे तसं मारा. तसंच मारलंय, एका बिंदूचाही फरक नाही. एकदा ऐकता का?"

मास्तर म्हणाले, "लावा."

प्रार्थनेचा स्पीकर व्हरांड्यात आणला. मुलींना वाद्यं खाली ठेवून नुसतं चालायला सांगितलं. बाईंनी स्पेसबार दाबला. शेहेचाळीस खाने अठरा मुलींचे पाय एकसारखे पडले. लांब सूर आला आणि त्यापुढं तसंच झालं, जसं दर वेळी होत होतं. काही मुली ढोलाबरोबर गेल्या, काही सुराबरोबर. मात्र आता घाई केली असं म्हणायला कुणी नव्हतं. अयोध्याचे हात रिकामे होते.

"परत लावा," मास्तर म्हणाले.

दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्यांदा ते मांडीवर बोटानं मोजत होते. मग त्यांनी बाईंच्या हातातून वही घेतली, व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि ढोलाचं पान आणि क्लॅरिनेटचं पान शेजारी शेजारी धरलं. गायत्रीनं काही बोलायला तोंड उघडलं, तसा बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"बराकीत बसून लिहिलं हे," मोजून झाल्यावर मास्तर म्हणाले. "क्लॅरिनेटवर वाजवायचो आन् लिवायचो. या सुरावर आलो की सोडवंना. दम पुरंल तितका धरला, मोजला तर तीन मात्रा भरल्या. तीन लिहिल्या. ढोल मागनं लिहिला, सवयीनं. दोन-दोन."

"आणि बँडमध्ये कुणाच्या लक्षात नाही आलं?" बाईंनी विचारलं.

"आमी हे उभ्यानं वाजवायचो, ष्टेजवर. त्या सुराला म्या हात वर धरायचो. समदे थांबायचे, ढोल बी थांबायचा. हात खाली आला की पुढं." त्यांनी वही मिटली आणि त्यांना हसू आलं, जरासं, स्वतःवरच. "कूच म्हणून लिहिलं, आन् पंचवीस वर्षांत चाललो कधी न्हाय."

ते उठले आणि सरळ अयोध्यासमोर जाऊन उभे राहिले.

"पोरी, कागदावर जे हाय ते तू बरोबर वाजवत व्हतीस. चूक माझ्या लिवण्यात व्हती."

अयोध्यानं वर बघितलं. "मग मी रोज बरोबर होते?"

"व्हय," मास्तर म्हणाले. "रोज." सगळ्या मुलींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

आता प्रश्न होता पुढं काय करायचं. एक दिवस हातात होता. गायत्री म्हणाली, सोपं आहे, जादाची मात्रा काढून टाकू, सूर दोनच मात्रांचा ठेवू. मास्तरांनी चार क्लॅरिनेटवाल्या मुलींना तसं वाजवून बघायला सांगितलं. त्यांनी वाजवलं. मोजणी बिनचूक झाली.

"मला ते बरं नाही वाटत," अनसूयाबाई म्हणाल्या.

म्हणून झाल्यावर त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. बत्तीस वर्षं त्यांनी हजारो पानं टाइप केली होती, आणि त्यांतलं एकही बरं की वाईट हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. पण आता मागं घ्यावंसंही वाटेना.

"कालपासून तो सूर मी वीस वेळा तरी ऐकलाय," त्या म्हणाल्या. "तो असा मधेच सोडला तर काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखं वाटतं. कापू नका मास्तर."

मास्तरांनी त्यांच्याकडं बघितलं. परवाच्या टेबलावरचं ते बोलणं दोघांनाही आठवलं असणार, पण कुणी काढलं नाही.

"मग कापायची न्हाय," ते म्हणाले. "घालू. तिनाच्या चार करू. दोन खाने पुरे भरत्याल. पोरींनो, दम पुरंल का?"

"पुरंल," क्लॅरिनेटवाल्या म्हणाल्या.

"आन् ढोलाला एक खाना वाढला. अयोध्या, त्या लांब सुराखाली तू काय वाजवशील?"

अयोध्यानं ढोल गळ्यात अडकवला. थोडा विचार केला. दोन सरळ ठोके मारले, आणि मग पुढच्या खान्यात चार जलद, एकापेक्षा एक मोठे, म्हणजे पुढच्या ओळीला हाक मारल्यासारखे. मास्तरांनी तिला ते दोनदा वाजवायला लावलं आणि मग नुसतं म्हणाले, "लिवा मॅडम."

अनसूयाबाई मुख्याध्यापिकांच्या खोलीतल्या टेबलाशी बसल्या. सुरांच्या ओळी लांब सुरापासून पुढं एका मात्रेनं न्यायच्या होत्या आणि ढोलाची ओळ दोन मात्रांनी. त्यांनी यादी काढली नाही. पुढच्या सुरावर उभं राहायचं, शिफ्ट-कंट्रोल-एंड, शेवटपर्यंत सगळं निळं झालं. कंट्रोल-एक्स. एक मात्रा पुढं. कंट्रोल-व्ही. एकेक ओळ करत त्या खाली आल्या, लांब सूर चार मात्रांचे केले, ढोलाच्या नव्या खान्यात चार दाबून चार ठोके. तोवर खिडकीत पाच-सहा मुली जमल्या होत्या.

"बाई कळांकडं बघतच नाहीत," एक दुसरीला म्हणाली.

"आता ऐका," बाई म्हणाल्या, आणि स्पेसबार दाबला.

सत्त्याण्णव खाने. ढोल आणि सूर एकाच ठिकाणी संपले.

मग मैदानावर. मुली डाव्या पायावर निघाल्या, मध्यावर आल्या, लांब सूर सुरू झाला. त्याच्या पोटातून अयोध्याचे चार ठोके चढत आले, आणि पुढच्या ओळीला अठराच्या अठरा मुलींचा डावा पाय पडला. मास्तर त्यांच्या बाजूनं चालत होते. त्यांनी हात वर केला नव्हता. मैदानाच्या टोकाला वळण घेऊन मुली परत आल्या तरी ते चालतच होते.

शुक्रवारी अनसूयाबाईंनी एकेक वाद्याचं पान वेगळं काढलं. पहिल्या पानावर काय नावं घालायची ते विचारायला त्यांनी मास्तरांना फोन केला. मास्तरांनी सांगितलं ते असं: बालाघाट कूच. रचना, शरणप्पा. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस खान्यांतला ढोल, अयोध्या. संगणकलेखन, अनसूया धर्माधिकारी. बाईंनी कूचाच्या नावाखाली रेघ ओढली, तीन प्रती छापून आणून पाकिटात घातल्या आणि शनिवारी सकाळी राघवेंद्ररावांनी त्या स्वतः नेऊन स्पीड पोस्टानं टाकल्या. फाइल ईमेलनं गेली.

जानेवारीत लातूरला सास्तूरच्या मुलींचा दुसरा नंबर आला. पहिला आला तो बँड खरंच चांगला होता, असं मास्तरांनी आल्यावर सांगितलं, आणि त्यांचे बूटही चांगले होते. परीक्षकांपैकी एकानं बालाघाट कूचची फाइल मागून घेतली होती. त्यांच्या बँडला ते वाजवायचं होतं.

हे सांगायला मास्तर आले तेव्हा त्यांच्या पिशवीत आणखी सहा वह्या होत्या. आता सोमवार आणि गुरुवार, दुपारी तीन ते पाच, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो. मास्तर डोळे मिटून सांगतात, बाई मारतात. काही ठिकाणी त्या थांबवून विचारतात आणि मास्तर वही जवळ घेऊन मोजून बघतात. कधी वही बरोबर निघते, कधी बाई.

गेल्या गुरुवारी एका संथ चालीच्या मधल्या ओळीवर बाईंची बोटं थांबली.

"मास्तर, एवढी ओळ गाऊन दाखवता?"

मास्तरांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. "कुठं चुकलं?"

"चुकलं काही नाही. ऐकावीशी वाटली."

मास्तरांनी चष्मा परत खिशात ठेवला आणि ओळ गायला सुरुवात केली. बाई हात मांडीवर ठेवून ऐकत बसल्या.